पट्टा, छडी आणि चेंडू

गोडदेवात कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा आला तो इमारतींबरोबर. त्याआधी गावात कुत्री भरपूर होती, पण पट्टा नव्हता, साखळी नव्हती आणि कुत्र्याला मुद्दाम काही शिकवायचं असतं हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. तरी ती शिकलेली होती. इतिहास शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. पाठ्यपुस्तकात घोडे होते, हत्ती होते, पानिपतावर मेलेले बैलसुद्धा होते. कुत्र्याला मात्र कधी जागा मिळाली नाही. निवृत्तीनंतर ती जागा मी माझ्यापुरती भरून काढते आहे.

आमचं घर आगरी. आजा मिठागरात. आज जिथे भाईंदर पूर्वेच्या इमारती एकमेकींच्या खिडक्यांत डोकावतात, त्यांच्या पलीकडे तेव्हा खाजण, तिवरं आणि मिठाचे वाफे होते. दिवाळीनंतर बांधबंदिस्ती, मग खाडीचं पाणी आत घ्यायचं, उन्हाळाभर मीठ ओढायचं आणि पहिल्या पावसाच्या आत ढीग झाकायचे. या सगळ्या महिन्यांत आजा रात्री मिठागरावरच्या खोपटात झोपायचा आणि सोबतीला वाघ्या असायचा. एक वाघ्या मेला की दुसरा यायचा, त्याचंही नाव वाघ्याच. तिवरांतून कोल्हे यायचे, कोंबड्यांवर त्यांचा डोळा असायचा. बांधावरून रात्री कोण आलं, कोण गेलं, हे आधी वाघ्याला कळायचं.

मिठागरावर नवा गडी कामाला आला की आजा त्याला पहिल्या संध्याकाळी एकच काम सांगायचा. बोयटाचं डोकं हातात द्यायचा आणि म्हणायचा, "तूच टाक त्याला." गड्याने ते स्वतःच्या हाताने टाकायचं, कुत्र्याने खाऊन होईपर्यंत तिथेच उभं राहायचं, हलायचं नाही, हात पुढे करायचा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दोन-तीन दिवसांत वाघ्या त्या गड्यावर भुंकायचा थांबे. दुसरा नियम हाकेचा. "यू यू यू" अशी हाक घातली आणि कुत्रा आला की त्याला काहीतरी मिळायचंच. भाकरीचा कडेचा तुकडा, सुकटीचा चुरा, काही नसलं तर मानेवर हात. कुत्रा उशिरा आला, चिखलात लोळून आला, कोंबडी धरून आला, तरी आलेल्या कुत्र्यावर आजा कधी ओरडला नाही. आजी चिडायची. तो म्हणायचा, "आला ना? मग झालं."

याचा अर्थ गाव दयाळू होतं असा कुणी काढू नये. आम्ही पोरं दगड मारायचो. पिसाळलेल्या कुत्र्याची भीती खरी होती आणि चावलेल्या माणसाला पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची, हे ऐकूनच अंगावर काटा यायचा. पण कामाच्या कुत्र्याला मारलेलं मला आठवत नाही. कामाचा माणूस आपलं अवजार आपटत नाही, इतका साधा तो हिशोब होता.

सरकारी हिशोब वेगळा होता, आणि तो आमच्यापासून चाळीसेक किलोमीटरवरच्या कोटात मांडला गेला. मुंबईत कंपनी सरकारने १८१३ सालीच बेवारस कुत्री मारण्याची मुभा दिली होती, तीही वर्षातल्या ठरावीक उन्हाच्या दिवसांत. १८३२ साली ही मुदत वाढवली गेली. मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस असल्याने मारेकरी घरांत शिरून, मालक असलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशांच्या धर्मात कुत्रा पवित्र. मेलेल्या माणसाला शेवटचं पाहायला कुत्रा आणतात. ६ जून १८३२ रोजी, पारशांच्या सणाच्या दिवशी, कोटात ठिणगी पडली. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद, बाजार बंद, छावणीकडे जाणारा माल अडवलेला, आणि साहेबांच्या बग्ग्यांवर घाण आणि मेलेले उंदीर. फौज बोलावून दंगा मोडला. माझ्या वर्गात बंडांची सनावळी १८५७ पाशी गोळा व्हायची. ब्रिटिश मुंबईतला हा पहिल्या मोठ्या दंग्यांपैकी एक दंगा कुत्र्यांवरून झाला, हे एखाद्या मुलाला मी सांगितलं की तो आधी हसायचा.

पुढे सर जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ मोतीशा यांनी पुढाकार घेतला आणि १८३४ साली भुलेश्वरला पांजरापोळ उभी राहिली. १८७४ साली मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था निघाली आणि त्यानंतर दहा वर्षांच्या आत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय. ही कामं मोठीच. पण नीट पाहिलं तर एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत कुत्र्याच्या वाट्याला दोनच गोष्टी येतात: सोटा किंवा दानधर्म. एक त्याला मारतो, दुसरा वाचवतो. हा प्राणी शिकतो, आणि आपण त्याच्याशी कसं वागतो त्यावरून शिकतो, हे दोघांच्याही गणतीत नाही.

आपल्या परंपरेतही तसंच. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, खंडोबाचा वाघ्या, भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव. साताऱ्याच्या शाहू महाराजांनी, वाघाच्या तावडीतून आपला जीव वाचवणाऱ्या कुत्र्याला दरबारात भरजरी कपडे चढवले, त्याला पालखीचा मान दिला, हे ग्रँट डफने लिहून ठेवलं आहे. त्या खंड्याची समाधी संगम माहुलीला आजही दाखवतात. रायगडावरच्या वाघ्याच्या समाधीच्या भांडणात मी पडत नाही. तिथे दोन्ही बाजूंनी पुरेसे लोक आहेत. माझा मुद्दा वेगळा आहे. पूज्य कुत्रा, इमानी कुत्रा, हे आपल्याकडे आहे. पण इमान म्हणजे जन्मजात गुण, तो कुत्र्यात असतो किंवा नसतो, अशीच आपली समजूत. खंड्याला कुणी वाढवलं, कुणी खाऊ घातलं, वाघ समोर असताना उभं राहण्याइतका धीर त्याच्यात कुठून आला, याची नोंद कुणीच केली नाही. समाधी बांधली.

शिकवण्याची पद्धत म्हणून लिहिलेलं पुस्तक आलं ते जर्मनीतून. कोन्राड मोस्ट हा तिथला पोलीस अधिकारी. १९०६ पासून तो पोलिसांसाठी कुत्री तयार करत होता. १९१० साली त्याने आपली पद्धत छापली. हुकूम, गळपट्ट्याला हिसका, आणि गरज पडली तर चाबूक. मोस्ट अडाणी नव्हता. शाबासकी नेमक्या क्षणी द्यावी लागते हे त्याला कळत होतं, आणि हे त्याने मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांच्या कितीतरी आधी लिहिलं. पण पाया सक्तीचा. दोन महायुद्धांत बरीचशी लष्करी कुत्री अशीच तयार झाली आणि युद्धं संपल्यावर हेच शिक्षक घरोघरच्या कुत्र्यांचे शिक्षक झाले. बंगल्यांमधल्या अल्सेशियनच्या गळ्यातला, ओढला की आवळणारा तो साखळीचा पट्टा याच घराण्यातला.

त्याच काळात इंग्लंडात एडविन रिचर्डसन नावाचा लेफ्टनंट कर्नल उलट्या वाटेने निघाला होता. १९१७ साली शूबरीनेस इथे ब्रिटिश सैन्यासाठी त्याने श्वानशाळा काढली. खंदकांतून निरोप घेऊन परत येणारी कुत्री हवी होती, तीही गोळीबारातून. कुत्री कुठून आणली? बरीचशी लंडनच्या बॅटरसी इथल्या बेवारस कुत्र्यांच्या आश्रमातून. शाळेत दांडगाई चालायची नाही. मुक्कामावर पोचलेल्या कुत्र्याला खाणं आणि कौतुक. निरोप्या कुत्र्याबरोबर माणूस नसतो, पट्टा धरायला कुणी नसतं. त्याला परत यावंसं वाटलं तरच तो येणार. रिचर्डसनचं हे वाचून मला आजाच आठवला. दोघांचा संबंध काहीच नाही, पण अडचण एकच होती: कुत्रा दूर आहे, मधे अंधार आहे आणि हातात फक्त हाक आहे.

त्यानंतरची वाटचाल अमेरिकेची. बी. एफ. स्किनरचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड या जोडप्याने विद्यापीठ सोडून १९४७ साली प्राण्यांना शिकवण्याचा चक्क धंदा काढला. कोंबड्यांपासून डुकरांपर्यंत सगळ्यांना बक्षिसावर शिकवलं. त्यांची युक्ती अशी की प्राण्याने बरोबर गोष्ट केली त्याच क्षणी एक ठरलेला आवाज करायचा, म्हणजे खाणं हातातून तोंडात जाईपर्यंतच्या वेळात 'कशाबद्दल मिळालं' याचा घोटाळा होत नाही. ही विद्या समुद्रातल्या डॉल्फिनपर्यंत गेली. डॉल्फिनला पट्टा बांधता येत नाही, मारायला गेलं तर तो पोहत निघून जातो. शिट्टी आणि मासा एवढंच भांडवल. हवाईत डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी १९८४ साली हे सगळं साध्या भाषेत पुस्तकात उतरवलं आणि घरच्या कुत्र्यांचा मार्ग बदलला.

१९८४ साली आमच्या शाळेत काय चाललं होतं हे मला चांगलं माहीत आहे. कपाटात छड्या होत्या. वेताची चांगली, निलगिरीची मोडते, यावर स्टाफरूममध्ये चर्चा होई. एखाद्या मुलाबद्दल बोलताना कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, ही म्हण हमखास निघायची. म्हणजे एका वाक्यात मुलाचाही निकाल आणि कुत्र्याचाही. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला, २०१० च्या एप्रिलपासून लागू झाला, आणि त्याच्या सतराव्या कलमाने शाळेतली मारझोड बंद केली. छड्या कपाटातून गेल्या. त्या नेमक्या कुठे गेल्या याचा मला दाट संशय आहे, कारण पुढच्या काही वर्षांत सकाळी कुत्रा फिरवणाऱ्यांच्या हातात त्या दिसू लागल्या.

आता मुंबई पोलिसांकडे येते, कारण माझ्या मते या इतिहासाचं सगळ्यांत चांगलं मराठी प्रकरण तिथे आहे. मुंबई पोलिसांचं श्वानपथक १९५९ च्या डिसेंबरात सुरू झालं, ते डॉबरमन कुत्र्यांवर. तेव्हाचं काम माग काढण्याचं: चोरी झालेल्या जागी वास द्यायचा आणि कुत्रा कुठपर्यंत जातो ते पाहायचं. वर्तमानपत्रांतलं 'श्वान जवळच्या रस्त्यापर्यंत जाऊन घुटमळले' हे वाक्य तेव्हापासून आजतागायत तसंच आहे. राज्याच्या पोलीस कुत्र्यांची शाळा पुण्यात, शिवाजीनगरला, गुन्हे अन्वेषण विभागाची. तिथेच एक पिवळसर लॅब्रॅडॉर शिकला आणि १९९२ सालच्या डिसेंबरअखेर मुंबईच्या बॉम्बशोधक व नाशक पथकात दाखल झाला. त्याचं नाव जंजीर.

तीन महिन्यांत, १२ मार्च १९९३ ला, मुंबईत बारा स्फोट झाले; २५७ माणसं गेली. १५ मार्चला धनजी स्ट्रीटवर उभ्या असलेल्या एका स्कूटरपाशी जंजीर थबकला. आत स्फोटकं होती. त्यानंतर मुंबईत, मुंब्र्यात, ठाण्यात एकामागून एक साठे सापडत गेले. त्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ काडतुसं आहेत. १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडांच्या कर्करोगाने तो गेला. त्याला पोलिसी इतमामात निरोप दिला गेला आणि फुलं वाहणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याचं छायाचित्र देशभर पोचलं.

त्या छायाचित्राने आपल्याला इमानाची आणखी एक गोष्ट दिली. ती खोटी नाही, पण जंजीर ३,३२९ किलो आरडीएक्सपर्यंत कसा पोचला हे त्या फुलांखाली झाकलं गेलं.

ते मला कळलं मैदानावर. २ जानेवारी हा महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन. त्याला रेझिंग डे म्हणतात. त्या आठवड्यात पोलीस शाळांतल्या मुलांना शस्त्रं दाखवतात, वायरलेस दाखवतात आणि सगळ्यांत शेवटी कुत्रा आणतात. आम्ही तेव्हा ठाणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत होतो. मीरा-भाईंदर, वसई-विरारचं स्वतंत्र आयुक्तालय १ ऑक्टोबर २०२० ला झालं. मी मुलांना घेऊन गेले होते. मैदानावर दप्तरं ओळीने मांडली, एकात नमुना ठेवला. हँडलरने आधीच मुलांना बजावलं, "टाळ्या लगेच नाही वाजवायच्या. चेंडू त्याच्या तोंडात गेला की मग." लॅब्रॅडॉर आला. दप्तरांवरून नाक फिरवत चालला, वेग एकसारखा. एका दप्तरापुढे गेला, मान मागे वळवली, परत आला आणि खाली बसला. भुंकला नाही, पंजा मारला नाही; स्फोटकाला पंजा लावायचा नसतो, म्हणून फक्त बसायचं शिकवतात. त्याची नजर दप्तरावर, शेपूट मातीत अर्धवर्तुळ काढत होतं. त्याच क्षणी हँडलरच्या खिशातून चेंडू उडाला. मग मैदानभर टाळ्या.

कार्यक्रम संपल्यावर मी हँडलरला गाठलं. विचारलं, याला बॉम्ब कसा कळतो? तो म्हणाला, "बाई, त्याला बॉम्ब ठाऊकच नाही. त्याला चेंडू ठाऊक आहे." पिल्लू असताना चेंडूचं वेड लावायचं. मग चेंडू त्या वासाजवळ लपवायचा. मग चेंडू काढून घ्यायचा, फक्त वास ठेवायचा. पिल्लू वासापाशी जाऊन बसलं की चेंडू वरून येतो. एकेक वास करत महिनोन् महिने हेच. सुरुवातीचे काही आठवडे तर शिकवायचंच नाही. त्याला खाऊ घालायचं, खरारा करायचा, फिरवायचं, हे सगळं एकाच माणसाने. मी माझ्या सवयीने विचारलं, चुकलं तर मारता का? तो जरा थांबला. म्हणाला, "मारलं तर तो वास शोधणार नाही, माझं तोंड बघेल. मला काय हवंय तेवढंच बघत बसेल आणि मला खूश करायला कुठेही बसेल. मग त्याच्या भरवशावर मी दार कसं उघडू?"

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली. ड्युटीवर पूर्ण दिवस शोधूनही काही सापडत नाही, आणि बहुतेक दिवस तसेच जातात, तेव्हा हे लोक संध्याकाळी स्वतःच एखादा नमुना लपवतात आणि कुत्र्याला शोधू देतात. "त्याचा दिवस रिकामा नाही जायला पाहिजे. दोन-चार दिवस काहीच नाही मिळालं की त्याचं मन उडतं." मी तीसेक वर्षं मुलांना शिकवलं. नापास होणाऱ्या मुलासाठी, त्याला येईल असा एक प्रश्न मुद्दाम पेपरात घालणारे शिक्षक मला एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबई पोलिसांची मॅक्स, सीझर, सुलतान आणि टायगर ही कुत्री कामाला होती: ताज, छत्रपती शिवाजी टर्मिनस, नरिमन हाउस. निवृत्तीनंतर चौघांनाही विरारला, आमच्या खाडीपलीकडे, एका प्राणीप्रेमी कुटुंबाच्या शेतघरात ठेवलं होतं. २०१६ या एका वर्षात चौघंही गेली. शेवटचा सीझर, ऑक्टोबरात. त्यांच्याही बातम्या आल्या. चेंडूचा उल्लेख मी एकाही बातमीत वाचला नाही.

दरम्यान गोडदेव बदललं. १९८५ साली ग्रामपंचायती जाऊन मीरा-भाईंदर नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका, आणि २०११ च्या जनगणनेत आम्ही आठ लाखांवर गेलो. मिठागरं मागे हटली, खोपटं गेली, बांध गेले. कुत्री राहिली. पण ज्यांच्याकडून ती काही शिकत होती ती माणसं इमारतींच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यांवर गेली, आणि खाली वॉचमन, गाड्या आणि उकिरडा. माणसांच्या हाताखाली न वाढलेल्या कुत्र्यांची ही पहिली पिढी. त्यांना जे शिकायला मिळालं ते त्या उकिरड्याने आणि मोटरसायकलींनी शिकवलं. मग लोक म्हणायला लागले, गावठी कुत्रं शिकत नाही, लॅब्रॅडॉर घ्यावा. रिचर्डसनची कुत्री बेवारसच होती. २०१६ साली लष्कराच्या मेरठच्या केंद्रात मुधोळ कुत्री शिकायला गेली. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानाने जपलेली ही जात, जिचं टपाल खात्याने २००५ साली तिकीटही काढलं. २०१९ साली तर उत्तराखंड पोलिसांनी रस्त्यावरचं एक पिल्लू घेऊन, 'ठेंगा' नाव ठेवून त्याला पथकात आणलं. नाव ठेवणाऱ्याला विनोद कळत होता.

माझी कुत्रीही गोडदेव नाक्यावरचीच, एका हातगाडीखाली सापडलेली. घाबरली की सरळ न चालता आडवी सरकायची, म्हणून तिचं नाव चिंबोरी. तिला भीती एकाच गोष्टीची, आणि ती आमच्या गावात टाळता येत नाही: हळदीचा बँजो. आगऱ्यांच्या हळदी रात्रभर चालतात, आणि आता बँजोच्या जोडीला डीजेच्या भिंती. पहिल्या हळदीला चिंबोरी कपाटामागे शिरली आणि सकाळपर्यंत बाहेर आली नाही.

शेजारच्या इमारतीत एक ट्रेनर यायचा. त्याने सल्ला दिला की बाई, तुम्ही तिचे बॉस व्हा. आधी तुम्ही जेवा, मग तिला द्या, दारातून आधी तुम्ही जा, ऐकलं नाही तर उलटी पाडून दाबून धरा, लांडगे असंच करतात. ही लांडग्यांची गोष्टही इतिहासात जमा व्हायला हवी होती. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या, एकमेकांना परक्या लांडग्यांचा अभ्यास केला. त्यांच्यात वर्चस्वाच्या मारामाऱ्या होत्या. डेव्हिड मीच यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात ती मांडणी लोकांपर्यंत नेली. पुढे रानातल्या लांडग्यांबरोबर उन्हाळे काढल्यावर त्याच मीच यांनी १९९९ साली लिहिलं की रानातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरं, तिथे बॉसगिरीची लढाई नसते. संशोधकाने स्वतःचं म्हणणं मागे घेतलं. आमच्या गल्लीत ते अजून चालू आहे, आणि त्याची फी महिन्याला घेतली जाते.

मी आजाच्या वाटेने गेले. मोबाइलवर बँजोची चाल लावली, आवाज इतका बारीक की मलाच कान द्यावा लागे. चिंबोरीचा कान हलला की लगेच एक सोडा. सुकवलेल्या सोड्यांचा वास तिला घरभर कळतो. आवाज बंद, सोडे बंद. पुन्हा आवाज, पुन्हा सोडा. क्रम महत्त्वाचा: आधी आवाज, मग सोडा, उलटं केलं तर सोडा हीच धोक्याची सूचना होऊन बसते. ती खात असेल तर ठीक चाललं आहे. तोंड वळवलं, जांभया दिल्या, ओठ चाटले, तर आवाज जास्त झाला, कमी करायचा. हे असं, दिवसातून थोडंच, हळूहळू वाढवत. पुढे खरी हळद असली की मी तिला घेऊन मंडपापासून लांब, नाक्याच्याही अलीकडे उभी राहायचे, आणि पुढच्या वेळी थोडी जवळ. लोक विचारायचे, बाई, कुत्र्याला सोडे? किंमत माहीत आहे का? ती मला माहीत होती. आता चिंबोरी हळदीच्या रात्री खाटेखाली झोपते, पण झोपते. हाक घातली तर बाहेर येते आणि सोडा घेऊन जाते. नाचायला तिला न्यावं असं माझंही म्हणणं नाही.

कायदा या बाबतीत फार जुना आणि फार स्वस्त आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा, म्हणजे मुंबईच्या श्वानपथकाच्या पाठोपाठचा. त्याच्या अकराव्या कलमात मारणं तर आहेच, पण आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं हाही गुन्हा आहे, आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं हा वेगळा. पहिल्या गुन्ह्याला ठरवलेला दंड दहा ते पन्नास रुपये. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी २००१ चे निर्बीजीकरणाचे नियम आले, २०२३ साली नवे आले, आणि त्यांत कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा ठरवून देण्याची जबाबदारी सोसायट्यांवर टाकली गेली. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, आपला आधीचा आदेश बदलताना, निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेली कुत्री त्यांच्या मूळ जागी परत सोडावीत आणि खाऊ ठरलेल्याच जागी घालावा, असं सांगितलं.

खाऊच्या जागेवरून सोसायट्यांच्या सभांमध्ये जी भांडणं होतात त्यांत एक साधी गोष्ट बुडते. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या हाकेला येणारं कुत्रं लसीसाठी धरणं सोपं असतं. जाळं घेऊन पळावं लागत नाही, ते घाबरून कुणाला चावत नाही, आणि गाडी पाहून सगळी गल्ली फरार होत नाही. आमच्या आळीतली कुत्री आता हाकेला येतात. पट्टा घालून घेतात. डॉक्टर सुई टोचतो तेव्हा एका हाताने सोडे चालू असतात. हे कुणालाही जमेल. त्याला बॉस व्हावं लागत नाही, वेळ पाळावी लागते.

म्हणून माझी पोलीस आयुक्तालयाला एक विनंती आहे. रेझिंग डेला तुम्ही दरवर्षी मुलांना कुत्रा दाखवता, ते चांगलंच करता. पण मुलं काठी घेऊन कुत्रा फिरवत नाहीत. पुढच्या २ जानेवारीला संध्याकाळी एक कार्यक्रम मोठ्यांसाठी ठेवा: सोसायट्यांचे सेक्रेटरी, वॉचमन, कुत्रं पाळणारे आणि कुत्र्यांवर चिडणारे, सगळ्यांसाठी. बंदुका नकोत, वायरलेस नको. एक कुत्रा, दहा दप्तरं आणि हँडलरच्या हातात माइक द्या, आणि त्याला खिशातला चेंडू सगळ्यांना दाखवू द्या. गोडदेवातलं मैदान मिळवून द्यायचं काम माझ्याकडे.